उपकारशेठ आणि मास्तरांची कवळी

माझ्या धाकट्या भावासारखी कवळी बनवणारा माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही. भाऊ आहे म्हणून सांगत नाही. पंधरा वर्षं मी स्कूटरवरून दातांच्या डॉक्टरांकडे फिरतोय. त्यांच्याकडून लोकांच्या तोंडाची मापं आणायची आणि तयार कवळ्या पोचवायच्या, हे माझं काम. दुसऱ्यांनी बनवलेल्या कवळ्याही मी पाहिल्यात. काही तर बोलताना पेटीसारख्या वाजतात. आमच्याकडची कवळी घातलेला माणूस भाकरीच्या कडा मोडून खातो आणि वर डॉक्टरला फोन करून सांगतो.

मी सातवीपर्यंत शिकलो. धाकटा दहावी झाला, तेही बोलताना अडखळत असताना. लहानपणापासून त्याची जीभ एखाद्या अक्षरावर अडते आणि मग गाडी पुढे सरकत नाही. घरात त्याचं राहिलेलं वाक्य मी पुरं करायचो. आमची ही म्हणते, "तुम्ही दोघांचं मिळून एकटेच बोलता, भाऊजींच्या वाट्याला काही उरतच नाही." असेल. पण तेव्हा कुणीतरी बोलायला पाहिजे होतं, नाहीतर पोरं त्याला हसली असती. हसली त्यांना मी बघून घेतलं.

त्याला उपकारशेठ हे नाव शाळेत पडलं. एकदा धावताना पडला, गुडघा फुटला, आणि उठून म्हणतो काय, "देवाचे उपकार, दुसरा शाबूत आहे." तेव्हापासून उपकारशेठ. आमची आई प्रार्थनेला बसायची तेव्हा आम्हा दोघांनाही एकेक उपकार सांगायला लावायची. मी रोज तोच सांगायचो, शाळा सुटल्याबद्दल. धाकटा रोज नवा शोधून आणायचा.

मोठा झाल्यावर तो एका मोठ्या लॅबमध्ये कवळ्या बनवायला लागला. तिथे दिवसाला सहा हव्या असायच्या, हा दोन करायचा. सहा वर्षांनी काढून टाकलं. मी भांडायला निघालो होतो, चप्पलसुद्धा घातली होती. त्यानं हात धरला आणि म्हणाला, त्यांनी मला सहा वर्षं शिकवलं, भांडू कशाबद्दल? मग आम्ही घराच्या खालच्या खोलीत आमचंच काम सुरू केलं. खिडकीखाली त्याचं टेबल, बाजूला प्लास्टरची बादली, कवळ्या उकळायचं पातेलं, घासायची मोटर. वर्षभरात त्याच्या बोटांना चिरा पडायला लागल्या. कवळीच्या हिरड्यांचा गुलाबी मसाला कालवायचं जे औषध असतं, ते त्याला सोसेना. हातमोजे घालून सगळं नव्यानं शिकावं लागलं. तीन महिने बोटांना काही कळायचंच नाही, दात हातातून निसटायचे. मी चिडचिड करायचो. हा म्हणायचा, "आता हळू करायला का-कारण मिळालं."

आणि एक सांगतो. डॉक्टर मापावर नाव लिहीत नाहीत, नंबर लिहितात. धाकटा मापात प्लास्टर ओततो आणि ते घट्ट होईपर्यंत डोळे मिटून त्या नंबरासाठी प्रार्थना करतो. हा जो कोणी आहे त्याला नीट जेवू दे, एवढंच. मी बाहेर स्कूटर पुसत असतो. कुणी विचारलं तर सांगतो, प्लास्टर सुकतंय.

आता मास्तरांची गोष्ट.

मास्तर म्हणजे आमच्या प्राथमिक शाळेतले. मला त्यांनी पाढे शिकवले आणि फूटपट्टीही शिकवली. धाकट्याशी मात्र वेगळे वागले. वर्गात मोठ्यानं वाचायची त्याची पाळी आली की म्हणायचे, तू लिहून दाखव. वर्ष संपता संपता एक दिवस त्यांनी त्याला शाळा सुटल्यावर थांबवलं आणि एकट्याकडून एक ओळ वाचून घेतली. एका ओळीला पाव तास लागला म्हणे. मास्तर एकदाही मधे बोलले नाहीत. धाकटा अजून ते सांगतो.

अशा माणसाच्या तोंडाचं माप गेल्या वर्षी आमच्याकडे आलं. या वेळी नंबर नव्हता. मास्तरांनी डॉक्टरांना बजावून सांगितलं होतं की माझी कवळी त्याच मुलाकडून करून घ्या. मुलगा म्हणजे माझा पंचेचाळीस वर्षांचा भाऊ. त्याला किती आनंद झाला म्हणून सांगू. डॉक्टरांनी उरलेले दात काढायच्या आधीचं एक माप पाठवलं होतं, त्यावरून आम्ही प्लास्टरचा ठसा करून ठेवला होता. त्यात मास्तरांचे मूळचे दात होते तसे दिसत होते, पुढचा एक दुसऱ्यावर चढलेला, शेजारी फट. मास्तरांना त्या दातांची आयुष्यभर लाज वाटली. हसताना तोंडावर हात घ्यायचे. घरात त्यांचा हसरा असा एक फोटो नाही.

हिरड्या भरेपर्यंत तीन महिने गेले. त्या काळात मी खोली आवरली आणि जुने ठसे पोत्यात भरून टाकून दिले. पाय ठेवायला जागा नव्हती. त्यात मास्तरांचाही गेला. धाकट्याला सांगितलं तर म्हणाला, नको तो ठसा. सरांना मी असे दात देणार की परत तोंडावर हात जाणार नाही. मीही म्हटलं, राजासारखे दे.

आठ दिवस तो एकाच कवळीवर बसला. एकेक दात गरम सुरीनं मेणात बसवायचा, लांबून बघायचा, परत काढायचा. झाली तेव्हा मी ती हातात घेऊन खिडकीत उभा राहिलो. ओळीत उभ्या केलेल्या पोरांसारखे सरळ दात. मी ती चार डॉक्टरांना दाखवून मगच पोचवली.

पंधरा दिवसांनी, एका सोमवारी, मास्तर आमच्या खोलीत आले. तोंड बसलेलं, दात नाहीत. कवळी रुमालात गुंडाळून खिशात. मला वाटलं, टोचत असेल. धाकट्यानं ती फिरवून फिरवून पाहिली, त्यांच्या तोंडात घालून पाहिली. बसली होती अगदी चपखल.

मास्तर म्हणाले, "अरे, कवळीत काही खोट नाही. ही माझ्या हातून जेवत नाही."

ही म्हणजे मास्तरीणबाई. त्यांची आठवण दोन वर्षांपासून सुटत चालली आहे. स्वतःच्या हातानं जेवायचं विसरल्या, पण मास्तरांनी भरवलं की खायच्या. दात काढल्यावर मास्तरांचं तोंड बसलं तेव्हा बाईंना ते स्वतःचे वडील वाटायला लागले. वडिलांच्या हातून त्या गुमान जेवल्या. मास्तर म्हणत, मला नवरा व्हायचंय रे, सासरा व्हायची माझी इच्छा नाही. मग ही कवळी आली. बाईंना समोर कोणीतरी परका, चकचकीत दातांचा गृहस्थ दिसला. त्यांनी तोंड घट्ट मिटलं. मास्तरांनी घाबरून त्यांच्यासमोरच कवळी काढली, तर बाई किंचाळल्या. तेव्हापासून दोन्ही चेहऱ्यांची भीती बसली. शेजारीण येऊन चार घास भरवायची, तेवढंच पोटात जात होतं. आणि परगावची लेक शनिवारी येणार होती. तिनं एका संस्थेत आईसाठी जागा पाहून ठेवली होती. बाबांच्याही हातून आई जेवत नसेल तर घरी ठेवून काय करणार, असं तिचं म्हणणं. तिचंही चुकत नव्हतं.

मास्तर गेल्यावर मी भावाला म्हटलं, यात आपला काय दोष? डॉक्टरनं पास केली, मास्तरांनी आरशात पाहून मान हलवली. तो हातमोजे काढून बोटांकडे बघत बसला. मग म्हणाला, "दादा, ते दात मी सरांसाठी नाही केले. मा-माझ्यासाठी केले. त्यांचे उपकार मानतो म्हणालो आणि माझी कारागिरी मिरवली."

मिरवली तर मी होती, चार डॉक्टरांकडे. पण ते मी तेव्हा बोललो नाही.

पक्क्या झालेल्या कवळीत दात हलवता येत नाहीत. मेणाच्या कवळीत येतात. त्यानं रात्रीपर्यंत न थांबता त्याच दुपारी नवी मेणाची कवळी करायला घेतली, आणि मंगळवारपासून रोज मास्तरांच्या घरी जायला लागला. सोबत स्पिरिटचा दिवा, सुरी, गार पाण्याचा डबा. मेणाची कवळी दहा मिनिटांच्या वर तोंडात ठेवता येत नाही, मऊ होऊन दात कलतात. मास्तरांनी ती घालायची, बाईंसमोर जाऊन बसायचं, दहा मिनिटांत परत.

मंगळवारी मास्तरांच्या सांगण्यावरून एक दात दुसऱ्यावर चढवला. बाईंनी पाहिलं आणि फार अदबीनं विचारलं, "आपण कोण? बसा ना. आमचे हे येतीलच एवढ्यात."

बुधवारी दात जास्त तिरका केला, रंग पिवळसर घेतला. बाई शेजारणीला म्हणाल्या, हे गृहस्थ रोज येतात, त्यांना काय हवंय ते एकदा विचारून घ्या.

संध्याकाळी धाकटा घरी आला आणि जेवायच्या आधी नेहमीसारखे उपकार मानले. माझं डोकं फिरलं. मी विचारलं, कशाचे मानलेस आज? तो म्हणाला, दात असे नव्हते हे आज कळलं, त्याचे. चिडून मी माझं ताट घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसलो. तिथे बसून मला तो पोत्यात गेलेला ठसा दिसायला लागला. एक पोतं अजून दोन-तीन महिने कोपऱ्यात राहिलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?

गुरुवारी मी त्याच्याबरोबर गेलो. दोनच खोल्यांचं घर, पण नेटकं. भिंतीला नकाशा, खिडकीशी बाईंची खुर्ची, पुढ्यात छोटं टेबल. धाकटा बाईंच्या शेजारी स्टुलावर बसला आणि विचारलं, "बाई, सर ह-हसतात कसे?"

बाई विचार करायला लागल्या. त्यांनाही शब्द सापडायला वेळ लागतो. मी पाहत होतो, एकाला शब्द माहीत आहे पण निघत नाही, दुसरीला निघेल पण आठवत नाही, आणि दोघांनाही घाई नाही. मला तर बसवत नव्हतं. शेवटी बाई म्हणाल्या, हसतात कुठे, हात ठेवतात. मग ओठावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बोलले की वारा यायचा. इथून." आणि ओठ गोल करून बारीक फुंकर मारली.

धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. कारण तो वारा मला माहीत होता. सगळ्या वर्गाला माहीत होता. मास्तर 'स' म्हणाले की त्या फटीतून शीळ निघायची. चौथीत असताना मास्तर वर्गात नाहीत असं पाहून मी बाकावर चढलो आणि हुबेहूब त्यांच्यासारखं म्हटलं, "सगळ्यांनी सरळ रेषा काढा, सारखं अंतर सोडा." वर्ग हसून लोळला. मास्तर दारातच होते. फूटपट्टीचे पाच बसले.

आम्ही तीन दिवस दिसण्याच्या मागे लागलो होतो. बाईंना दात दिसण्यापेक्षा ऐकू यायला हवे होते.

"दादा," धाकटा म्हणाला, "क-कर."

मी पन्नाशीला आलेला माणूस. मास्तर समोर, तेही बिनदातांचे. मी म्हटलं, नाही आठवत. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मग मी उभा राहिलो, पाठीमागे हात बांधले आणि केलं. सगळ्यांनी सरळ रेषा काढा.

 मला वाटलं आता मास्तर फूटपट्टी मागतात. ते म्हणाले, "जरा बारीक. एवढी मोठी शीळ मी कधीच घातली नाही."

मग आमचं काम जुळलं. धाकट्यानं दिव्यावर सुरी तापवली, पुढच्या दोन दातांत एका पोस्टकार्डाच्या जाडीची फट केली. मास्तरांनी घालून बोलून पाहिलं. मी म्हटलं, नाही, नुसती हवा जाते. फट वाढवली. मी म्हटलं, आता जास्त झाली, ही चहाच्या किटलीची शीळ. या बाबतीत माझ्यासारखा कान साऱ्या गावात कुणाचा नाही, हे मी त्यांनाही सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यानं फट होती तेवढीच ठेवली, फक्त एक दात केसभर मागे ढकलला. मास्तर म्हणाले, "समजलं का सगळ्यांना?" आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली.

"हीच," मी म्हटलं.

मास्तर सुपाची वाटी घेऊन बाईंसमोर बसले. चमचा भरला. बाईंचं तोंड मिटलेलंच. मास्तरांनी चमचा तसाच धरला आणि रोज जेवताना म्हणायचे ते म्हणाले, "सावकाश घे."

बाई खिडकीकडे बघत होत्या. त्यांनी मान वळवली. मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ. मग कपाळाला आठ्या घातल्या.

"इतका वेळ कुठे होतात?" म्हणाल्या, आणि तोंड उघडलं.

तीन चमचे गेले. चौथ्याला धाकट्यानं हात वर केला, मेण मऊ व्हायला लागलं होतं. मास्तर आतल्या खोलीत आले, त्यानं कवळी त्यांच्या तोंडातून काढून गार पाण्यात सोडली. तिघंही डब्यात वाकून बघत होतो, दात जागेवर आहे ना. होता. बाहेरून बाई हाक मारत होत्या, अहो, वाटी इथेच राहिली.

शुक्रवारी त्यानं ती पक्की केली. पातेल्यात कवळी उकळत होती तेवढा वेळ मी दाराशी उभा होतो, कुणाला आत येऊ दिलं नाही. खरी भीती घासण्याची होती. मोटरवर कागदाएवढा जरी जास्त घासला गेला तरी शीळ बदलली असती, आणि पक्क्या कवळीला मग इलाज नाही. त्यानं मोटर लावलीच नाही. पुढचे दात हातानं, ओल्या फडक्यानं घासले. ज्या माणसानं आयुष्यभर दात सरळ बसवले, तो त्या एका वाकड्या दाताला हात लागू नये म्हणून श्वास धरून बसला होता.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं कवळी घेऊन गेलो. लेक आलेली होती. पर्स मांडीवर, पर्समध्ये संस्थेचा फॉर्म, त्याचं टोक बाहेर दिसत होतं. मास्तरांनी तिला आधीच सगळं सांगितलं होतं, पण तिचा विश्वास बसला नव्हता. मीही तिला दोनदा पटवून सांगितलं. ती म्हणाली, काका, गुरुवारी खाल्लं असेल, पण आई रोज वेगळी असते. मी कवळीची डबी मास्तरांच्या हातात दिली. 

ताटं वाढली. मास्तर कवळी घालून बाईंच्या शेजारी बसले आणि धाकट्याला म्हणाले, प्रार्थना तू कर.

त्याला लोकांसमोर प्रार्थना करायची म्हणजे काय, मला माहीत आहे. चर्चमध्ये साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायची, वेळ आली की तो उठतो, 'उपकार' म्हणतो आणि बसतो. पण त्यानं डोळे मिटले. अन्नाबद्दल उपकार मानले. सरांबद्दल मानले, बाईंबद्दल मानले, लेक एवढ्या लांबून आली त्याबद्दल मानले. प्रत्येक शब्दाला वेळ लागत होता. सूप निवत होतं. लेकीनं एक डोळा उघडून घड्याळ पाहिलं.

"आणि प्रभू, दादाच्या..." म्हणाला, आणि अडकला.

एरवी मी पुढचा शब्द पटकन पुरवतो. चाळीस वर्षांची सवय. पण या वेळी पुढे काय आहे ते मला ओळखता येईना. माझ्या काय? माझ्या मदतीबद्दल? माझ्या स्कूटरबद्दल? मी डोळे मिटून थांबलो. मास्तरही थांबले, तेच मधे न बोलणारे मास्तर.

"दादाच्या ख-खोड्यांबद्दल," तो म्हणाला. "त्यानं वर्गात केलेल्या. तेव्हा आम्हाला त्यांचं काही वाटलं नाही. आज तुझे उपकार."

 सगळ्यांत आधी आमेन बाईंनी म्हटलं, आणि लगेच मास्तरांकडे वळून तोंड उघडलं.

"सावकाश," मास्तर म्हणाले. शीळ आली.

बाई वाटीभर सूप जेवल्या. मधे लेकीनं चमचा मागून घेतला, तर तिच्या हातून एकच घास घेतला, तोही तिला वाईट वाटू नये म्हणून असावा, आणि परत मास्तरांकडे पाहिलं. लेकीनं चमचा त्यांना देऊन टाकला. मग तिनं पर्समधून फॉर्म काढला.  तिनं तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर वडिलांना विचारून लिहायला लागली, आईला भूक किती वाजता लागते, सूप किती गरम लागतं, शेजारीण कधी येऊ शकते.

लिहिता लिहिता तिनं मला विचारलं, "काका, पण खोड्या म्हणजे नक्की काय केलं होतं तुम्ही?"

मी सगळं सांगितलं, बाकावर चढल्यापासून पाच फूटपट्ट्यांपर्यंत. धाकटा खाली मान घालून हसत होता. लेक म्हणाली, मग करून दाखवा की एकदा.

मी नाही दाखवलं. शेजारी मास्तर बाईंशी बोलत होते, खरी शीळ तिथे ऐकू येत होती.